इनोबत पगार वाढवून मागते

कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी इनोबत अर्धा तास घासाघीस करू शकत असे. कोकंदच्या बाजारात तिचा दराराच तसा होता. ती लांबून येताना दिसली की गाजरवाला भाव आधीच थोडा चढवून ठेवी, म्हणजे नंतर उतरवायला जागा राहते. अशा या बाईने हलव्याच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली आणि या अकरा वर्षांत स्वतःच्या पगाराबद्दल तोंडातून एक शब्द काढला नाही. कार्डावर जमा होईल तेवढा घेतला, वर आभार मानले.

बरं, काम काही हलकं नव्हतं. तिळाची, पिस्त्याची, दुधाची, कुठल्याही हलव्याची कढई इनोबतच्या जिभेवरून गेल्याशिवाय डब्यात जात नसे. एक चिमूट तोंडात टाकून ती सांगे, "तीळ दोन मिनिटं जास्त भाजलेत." आणि तेवढेच जास्त भाजलेले असत. ही जीभ इतरांच्या हलव्याबद्दल एवढं बिनचूक बोलायची, मात्र मालकाच्या दारात गेली की टाळूला चिकटायची.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका दुपारी शुख्रत जेवणाच्या टेबलावर एक कागद घेऊन आला. शुख्रत म्हणजे पस्तिशीचा, भरघोस मिशांचा, स्वभावाने गरीब माणूस. वर्षभरापूर्वी सिमेंटच्या गोदामातून इथे आला होता आणि भाजलेला तीळ आणि जळलेला तीळ यांतला फरक इनोबतने त्याला तीन महिने खपून शिकवला होता.

"ओपा," तो म्हणाला, आमच्याकडे ताईला ओपाच म्हणतात, "जरा बघा हो. गाडीच्या कर्जासाठी पगाराचा दाखला काढलाय. शिक्का पुसट वाटतो का? बँक घेईल ना?"

इनोबतने शिक्का बघितला. शिक्का ठळक होता. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. पासष्ट लाख सोम. आमच्याकडे सगळेच लखपती असतात आणि महिनाअखेरीला सगळ्यांचीच ओढाताण असते, तेव्हा लाख या शब्दाने कोणी दचकत नाही. पण इनोबतला मिळत होते बेचाळीस.

"हे महिन्याचे?" तिने विचारलं.

"महिन्याचेच. काय करणार, पुरत नाहीत."

"एवढे तुला दिले कसे?"

"मागितले."

"बस?"

"बस म्हणजे? पहिल्या दिवशी विचारतातच की, किती पाहिजेत. मी पासष्ट म्हटलं, ते हो म्हणाले. घरी गेल्यावर बायको ओरडली, सत्तर म्हणायला काय झालं होतं म्हणून."

पहिल्या दिवशी इनोबतलाही विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." त्यांना जे योग्य वाटलं ते त्यांनी दिलं, त्यात त्यांची तरी काय चूक? त्या दुपारी मात्र हलव्याची चव तिला तीन वेळा घ्यावी लागली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तोलिब शाळेत भूगोल शिकवतो आणि जगात न सुटणारा प्रश्न नसतो, फक्त नकाशा नीट लावायला लागतो, असं त्याचं मत आहे.

"तू नुसतं जाऊन मागायचं नाहीस. तालीम करायची," तो म्हणाला. त्याने टाय बांधला, खुर्ची भिंतीला लावली, पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि संचालक झाला. "या बाई. काय काम आहे?"

"पगार थोडा वाढवून..."

"कंपनीची परिस्थिती फार बिकट आहे!" तोलिब गरजला. साखर महागली, वीज महागली, डबे महागले, परदेशी गिऱ्हाईक तुटलं, अशी त्याने इतक्या कळकळीने सांगितली कारखान्याची कहाणी, की इनोबतला भडभडून आलं. पुढच्या महिन्यापासून थोडे कमी दिलेत तरी चालेल, असं तिच्या तोंडून निघून गेलं. तालमीच्या पहिल्याच दिवशी तिचा पगार अडतीसवर आला होता.

हा सगळा प्रकार भिंतीपलीकडून खोसियत-ओपा ऐकत होती. खोसियत-ओपा सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि भिंत असते ती ऐकण्यासाठीच, याबद्दल तिच्या मनात शंका नाही. "अगं, याच्याकडून काय शिकतेस? याने स्वतः कधी मागितलाय का?" ती पलीकडून म्हणाली. "गुरुवारी गापला ये. तिथे बोलू."

गाप म्हणजे आमच्या गल्लीतल्या बारा जणींची महिन्यातून एकदाची बैठक. पुलाव, गप्पा आणि जी आली नाही तिच्याबद्दल थोडं अधिक. त्या गुरुवारी सगळ्या हजर होत्या, त्यामुळे विषयाची पंचाईत होती. खोसियत-ओपाने इनोबतचा पगार पुढे केला आणि सगळ्या त्यावर तुटून पडल्या.

"जुने कपडे घालून जा. दया आली पाहिजे."

"काहीतरीच! सोनं घालून जा. हिला पैशाची पर्वा नाही असं वाटलं पाहिजे."

"नवऱ्याला ने."

"नवऱ्याला नेलंस तर तो त्याचाच पगार वाढवून मागेल."

"रडायचं."

"हसायचं."

बालवाडीतली नझोकत म्हणाली, "दुसरीकडे नोकरी मिळाली म्हणून सांग." दुसरीकडे म्हणजे कुठे, यावर अर्धा तास गेला. कोकंदमधले सगळे हलव्याचे कारखाने एकमेकांचे मेव्हणे-साडू चालवतात, हे तेव्हा ध्यानात आलं. या बारा जणींपैकी एकीनेही आजवर पगार वाढवून मागितला नव्हता. पण अनुभव नाही म्हणून सल्ला अडवून धरायचा, ही आमच्या गल्लीची रीत नाही.

शेवटी खोसियत-ओपाने सासऱ्यांना बोलावलं. एर्गश-ओता चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाल होते. विकणाऱ्याचा हात एका हातात, घेणाऱ्याचा दुसऱ्यात, आणि दोघांचे हात जोरजोरात हलवत, ओरडत, भाव ठरेपर्यंत सोडायचे नाहीत, हा त्यांचा धंदा. आता वय अठ्ठ्याहत्तर, पण पकड अजून शाबूत.

"काय विकायचंय?" त्यांनी विचारलं.

"मलाच, ओता," इनोबत खाली मान घालून म्हणाली. "म्हणजे माझं काम."

ओतांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दाढी कुरवाळली. "माल चांगला आहे," ते म्हणाले. "ऐक पोरी. आपला भाव आधी सांगायचा नाही. समोरच्याचा हात सोडायचा नाही. आणि तो अडून बसला तर उठून चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. अठराव्या पावलाला हाक येते. चाळीस वर्षांत एकोणिसावं पाऊल मी पाहिलं नाही."

मग काय, अंगणात तुतीच्या झाडाखाली जोड्या पडल्या. बारा बायका एकमेकींचे हात हिसकत "पन्नास!" "पंचेचाळीस!" "अहो, दात तरी बघा!" असं ओरडायला लागल्या. इनोबतचं काम राहिलं बाजूला. नझोकतला आपल्या बालवाडीत वाढ मागायची हुक्की आली, खोसियत-ओपाला रात्रपाळीचा भत्ता आठवला. दारावरून जाणारा एक माणूस आत डोकावून "गाय कुठे बांधली आहे?" असं विचारून गेला. नझोकतचा खांदा दुखावला आणि खोसियत-ओपाने तो जागच्या जागी बांधून दिला. इनोबतला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

दुसऱ्या दिवशी ती आस्थापना विभागात गेली. तिथल्या सालिमा-खोला, सगळ्या कारखान्याच्या मावशी, तीस वर्षं त्याच खिडकीत बसतात. "संचालकांना भेटायचंय? कशाला? पैसे? मग अर्ज लागतो," त्या म्हणाल्या आणि एक छापील कागद पुढे सरकवला. कारखान्याकडून जास्तीचे पैसे मिळवायचा तेवढा एकच अर्ज अस्तित्वात होता. 'कारण' या रकान्यात लग्न, बाळंतपण, सुंता, मयत, आग आणि इतर असे पर्याय होते. चांगलं काम केलं, हा पर्याय छापणाऱ्याला सुचला नव्हता.

"मयत नाही ना?" सालिमा-खोलांनी खात्री करून घेतली. "मग 'इतर' वर खूण करा. पण 'इतर' ला मोहल्ला समितीचा दाखला लागतो."

"कसला दाखला?"

"ते समितीला माहीत."

समितीच्या कारकुनालाही माहीत नव्हतं. पण दाखला मागायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. पुष्कळ विचार करून त्याने लिहिलं, "अर्जदार बाई सुस्वभावी असून त्यांना पैशांची खरोखरच गरज आहे." खाली गोल शिक्का. इनोबतने वाचलं, त्यात खोटं काही सापडलं नाही, म्हणून तिने तो कागद अर्जाला जोडला.

तीन दिवसांनी भरदुपारी गल्लीत एक टेम्पो शिरला. आतला माणूस खणखणीत आवाजात विचारत होता, "गरजू कुटुंब कुठलं? चौदा नंबरचं गरजू कुटुंब!" चौदा नंबर इनोबतचा. गल्लीतल्या सगळ्या फाटकांमधून डोकी बाहेर आली. टेम्पोतून पन्नास किलो पीठ आणि पाच लिटर तेल उतरलं. त्याच क्षणी तोलिब शाळेतून परतत होता. टाय बांधलेला, हातात जगाचा नकाशा.

"मी जिवंत असताना!" एवढंच त्याला बोलता आलं. नकाशा त्याच्या हातातून घरंगळला.

संध्याकाळी पीठ हातगाडीवर घालून तो समितीत परत द्यायला गेला आणि तासाभराने पिठासकट परत आला. वहीत नोंद झाली होती. पीठ परत घ्यायचं तर सदर कुटुंब गरजू नसल्याचा दाखला हवा, आणि तो नोकरीच्या ठिकाणाहून आणायचा. खोसियत-ओपा म्हणाली, समोसे करा. चार दिवस अख्ख्या गल्लीने समोसे खाल्ले. तोलिब जेवणाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि इनोबतला त्याची खरंच दया यायची. माणूस पगारवाढीच्या बाजूने होता. त्याच्या वाट्याला मात्र पीठ आलं.

आणि सोमवारी संचालकांचं बोलावणं आलं.

संचालक रुस्लान कामिलोविच पाच महिन्यांपूर्वी आले होते. आईबाप इथलेच, पण हे वाढले रशियात, दूर उत्तरेला. बोलणं मऊ, चेहरा सज्जनाचा. इनोबत नवा झगा घालून, एका कानात सोनं आणि दुसऱ्या कानात काही नाही अशा तडजोडीने आत शिरली. आधी तिने त्यांची तब्येत विचारली, घरच्यांची विचारली, आईच्या गुडघ्यांची विचारली, रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. आमच्याकडे याच्याआधी कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणाच.

"तुमचा अर्ज बघितला, इनोबत-ओपा," संचालक हळुवारपणे म्हणाले. "बसा. चहा घ्या." आणि त्यांनी स्वतः किटली उचलून तिची पियाली भरली. काठोकाठ.

इनोबत त्या पियालीकडे बघतच राहिली. कोकंदमध्ये पोरासोरांनाही कळतं, पाहुण्याला चहा द्यायचा तो दोन घोट. म्हणजे त्याने बसावं, पुन्हा मागावा, आपण पुन्हा द्यावा. काठोकाठ भरलेली पियाली पुढे आली की पाहुण्याने आपल्या चपला शोधायच्या. अकरा वर्षं याच्या कारखान्याचा हलवा चाखला, आणि हा तिचं एक वाक्य ऐकून घ्यायच्या आधी तिला घालवून देतो! तिचे कान तापले. ती ताडकन उठली. अपमान आणि एर्गश-ओता, दोघंही एकच सांगत होते.

"येते," ती म्हणाली आणि चालायला लागली. एक, दोन, तीन. मागे वळली नाही. बाराव्या पावलाला दार आलं. पंधराव्यानंतर तिने पावलं लहान केली. सतरा. अठरा. एकोणिसावं पाऊल तिने हवेत बराच वेळ धरून ठेवलं. हाक आली नाही. जिना आला, अंगण आलं, फाटक आलं.

"आज लवकर?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं. आता परत आत जाणं कसं शक्य होतं? ती तशीच घरी आली.

बातमी तिच्याआधी पोचली. खोसियत-ओपाने तिला मिठी मारली. "उठून आलीस? शाब्बास! आता बघ, कसा धावत येतो." संध्याकाळी एर्गश-ओता आले. "किती पावलं झाली?" त्यांनी विचारलं.

"फाटकापर्यंत चारशे."

ओता उठले. मग जाताना उंबरठ्यावर थांबून म्हणाले, "मग गिऱ्हाइकाला माल नको होता, पोरी." त्यांना वाईट वाटलं होतं, पण धंद्यात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी इनोबत कामावर गेली नाही. वाढ तर गेलीच, नोकरीही गेली असावी. तोलिबने भिंतीकडचं तोंड वळवून तिला विचारलं, "माझ्या पगारात भागेल ना गं?" आणि दोघांनाही उत्तर माहीत असल्यामुळे तिने त्याला आणखी एक समोसा वाढला. तिला रडू कशाचं येत होतं? नोकरीचं कमी. आपण तोंडातून आकडासुद्धा काढला नाही, याचं जास्त.

तिसऱ्या दिवशी शुख्रत आला. हातात केळी, दोन मोठ्या रोट्या आणि एक पाकीट.

"ओपा, तब्येत कशी आहे? साहेबांना फार काळजी वाटतेय. म्हणाले, मी त्यांना चहा दिला, त्या लाल झाल्या आणि उठून गेल्या. रक्तदाब आहे का त्यांना?"

"चहा दिला!" इनोबत उसळली. "काठोकाठ भरली पियाली!"

शुख्रतने मिशीवरून हात फिरवला. "अहो, ते सगळ्यांना तसाच देतात. परवा बँकेच्या अधिकाऱ्याला दिला, तोही उठून गेला. त्यांना कोणी सांगितलंच नाही. तिकडे म्हणे कप भरूनच देतात." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि ओपा, काल तीन कढया करपल्या. मला कळलंच नाही. डबे भरून झाल्यावर साहेबांनी खाल्ला तेव्हा कळलं. लवकर या हो."

इनोबतने पाकीट उघडलं. आत पंधरा लाख सोम आणि एक चिठ्ठी होती. 'गरजू कर्मचाऱ्यास एकवेळची मदत.'

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. आधी मोहल्ला, आता कारखाना. अकरा वर्षं जिच्या जिभेवर धंदा चालला, तिला सगळे मिळून दान देत होते आणि प्रत्येकाच्या मनात चांगलंच होतं. राग काढायचा तर कोणावर? पण राग आला होता, आणि या वेळी तो चहावर वाया घालवायचा नाही, एवढं तिने ठरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती कोणालाही न सांगता निघाली. रोजचाच झगा, कानात काही नाही. संचालकांच्या दारावर टकटक करून आत गेली, खुर्चीवर बसली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. तब्येत विचारली नाही. आईच्या गुडघ्यांचा विषय काढला नाही. हे तिला फार जड गेलं.

"मला मदत नको, रुस्लान कामिलोविच. मला पगार हवा. सत्तर लाख."

बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला, आणि तो बाजारातला होता.

संचालकांनी चष्मा काढला. "सत्तर म्हणजे... तुमचे मिस्टरही नोकरी करतात ना?"

"करतात. शुख्रतची बायकोही करते. तिचा पगार विचारून त्याचा ठरला होता का?"

ते जरा ओशाळले. "साठ करू या."

इनोबतचा उजवा हात टेबलावरून त्यांच्या हाताकडे निघाला होता. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. आता काय बोलायचं, हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. खिडकीबाहेर साखरेची पोती उतरत होती. कोणीतरी कोणाला तरी शिव्या घालत होतं.

"बरं, पासष्ट," संचालक म्हणाले. "शुख्रतएवढे."

"शुख्रतला मी शिकवलंय."

संचालकांनी कपाटाकडे पाहिलं. करपलेल्या तीन कढयांचे डबे त्यांच्याच कपाटावर रचलेले होते. "सत्तर," ते म्हणाले. "एक तारखेपासून."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. सही करताना म्हणाले, "पाच महिन्यांत तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही खूश आहात."

"मलाही तसंच वाटत होतं," इनोबत म्हणाली. आणि मग न राहवून, दारातून वळून, "आईचे गुडघे कसे आहेत?" असं विचारूनच बाहेर पडली.

जिन्यावर घड्याळ आहे. आत जाताना नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आता चौदा. त्यातलं एक मिनिट संचालक पेन शोधत होते. इनोबत जिन्याच्या पायरीवर बसली आणि एकदम रडायला लागली. हुंदके देऊन, डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून. फक्त चार मिनिटं लागली होती. अकरा वर्षं ती ज्या दारावरून रोज मान खाली घालून गेली, त्या दारामागे एवढंच होतं.

शुख्रत वर येत होता, तो घाबरून थांबला. "ओपा! नाही म्हणाले का?"

"हो म्हणाले."

"किती?"

"सत्तर."

"मग रडताय कशाला?"

इनोबतने त्याच्याकडे पाहिलं. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. पण पहिल्याच दिवशी आकडा सांगितलेल्या माणसाला हे कसं समजावायचं? "जा, कढई बघ," ती म्हणाली. "वास येतोय. दोन मिनिटं राहिलीत."

तो पळाला. तिने तोंड पुसलं, कागदाची घडी करून झग्याच्या खिशात ठेवली आणि डबे भरायच्या दालनात गेली. तिथे सतरा बायका उभ्याने काम करतात. सगळ्यात जुनी रोबिया. सोळा वर्षं डबे भरतेय, बोटांची पेरं सुजलेली. इनोबतचे लाल डोळे बघून तिने हातातला डबा खाली ठेवला.

"रोबिया, तुला किती मिळतात?"

रोबियाने आधी आजूबाजूला बघितलं, मग कानात सांगितलं. ऐकून इनोबतने डोळे मिटून घेतले.

"उद्या सकाळी नऊला तू वर जायचंस. मी दाराबाहेर उभी राहते."

"मी? अगं बाई! आत जाऊन बोलू काय?"

"आकडा सांग आणि गप्प बस."

"आणि ते चिडले तर?"

"चिडू देत. तू खुर्चीवरून उठू नकोस."

रोबिया टेबलाकडे वळली. तिने डबा उचलला, त्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग शेजारच्या बाईला कोपराने ढोसून हळूच विचारलं, "किती सांगू गं?"